तबेल्याच्या विटा

घर बांधायला अक्कल लागते, असं लोक म्हणतात. मी म्हणतो, पाडायला जास्त लागते. बांधणाऱ्याच्या हाताशी नकाशा असतो, इंजिनिअर असतो, आणि चुकलं तर वरून प्लास्टर फासायला मिस्त्री असतो. पाडणाऱ्याजवळ काय असतं? एक लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, एक हातोडी, आणि डोक्यावर कधी येईल याचा भरवसा नसलेलं छत. चूक झाली तर ती झाकायला तो उरतच नाही.

आता पिवळं मशीन येतं. सकाळी आलं की दुपारच्या जेवणापर्यंत बंगल्याचा ढिगारा. सागवान, छपराचे कवेलू, विटा, फरशी, सगळं एकाच ढिगात. मग तो मलबा ट्रकमध्ये भरायचा आणि एखाद्या नाल्याच्या काठी ओतून यायचं. लग्नातलं जेवण पंगत बसायच्या आधीच उकिरड्यावर ओतावं, तसं आहे ते. आणि मशीन चालवणारा कानात बोळे घालून बसलेला असतो. अरे, पडणाऱ्या घराचा आवाज ऐकायचा नसेल तर तू त्या घराला हात तरी कशाला लावतो?

मी घर पाडायचो ते उलटं बांधल्यासारखं. जे शेवटी चढलं ते आधी उतरवायचं. आधी कवेलू, एकेक हातात घेऊन, टिचकी मारून. मग फाटे आणि मयाली, म्हणजे छपराचे वासे आणि तुळया. मग दारं-खिडक्या. मग विटा, वरून खाली, थरावर थर. सागवानाची चौकट काढताना लाकडाला सब्बल लावायची नाही. आजूबाजूच्या दोन-चार विटा आधी सोडवायच्या, म्हणजे चौकट आपोआप हलू लागते, म्हाताऱ्या माणसाच्या दातासारखी. मग दोन माणसांनी धरून तिला बाहेर काढायचं. माझ्या हातून एकही चौकट फाटली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायची असती तर आणखी बरंच सांगितलं असतं.

ज्या वर्षांचं मी सांगतो त्या वर्षांत नागपुरात, धरमपेठेत, लोकांना स्लॅबचं खूळ लागलं होतं. चांगली कवेलूची घरं, वर उंच माळे, उन्हाळ्यात मटक्यासारखी थंड. पण वकिलाला स्लॅब पाहिजे, डॉक्टरला स्लॅब पाहिजे, कारण शेजाऱ्यानं टाकली. ते मला बोलवायचे. मी पायताण बाहेर काढून आत जायचो आणि भिंतींना हात लावून पाहायचो. मालक घड्याळ पाहायचा. एकानं मला विचारलं होतं, "या जुन्या लाकडाचं तुम्ही करता तरी काय? जाळता?" त्याच्या आजोबानं बसवलेला तो दरवाजा. मी म्हटलं, "नाही साहेब, तुमच्यासारख्याच कोणाले तरी नवीन म्हणून विकतो." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतो.

मी चौथीपर्यंत शिकलो. बाप हातमागावर बसायचा, मी बसलो नाही. लग्न उमरेडच्या विणकरांच्या घरात झालं. बायकोची बोटं मागावर तयार झालेली, आणि ती बोटं मी विटांवर लावली. चुन्यात बांधलेली वीट हातोडीनं हलकी ठोकली की चुना गळून पडतो आणि आतून वीट निघते ती काल भट्टीतून आल्यासारखी. बायको ते काम असं करायची की गडीमाणसं आपली हातोडी थांबवून पाहायची. ठोक, फिरव, ठोक, ठेव. विटांच्या थप्प्या अशा लागायच्या की इंजिनिअरच्या दोरीलाही लाज वाटावी. सिमेंटमधली वीट मात्र तिलाही सुटत नव्हती. ती फुटते, पण सिमेंट सोडत नाही. सिमेंटचं घर एकदाच जगतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. इंजिनिअरांना अजून कळायचं आहे.

आम्ही वाडीला राहत होतो, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे, भाड्याच्या एका खोलीत. दिवसभर ट्रक. भाकरीवर धूळ, पाण्यावर धूळ. बायको कशालाच कधी कुरकुर करत नसे, एक सोडून. घरमालक भिंतीत खिळा ठोकू देत नव्हता. आम्ही खिळा ठोकला तर त्याची भिंत पडेल, असं त्याचं म्हणणं. ज्या माणसानं शहरातले अर्धे बंगले उतरवले त्याला तो भिंतीबद्दल शिकवायचा! बायकोचा आरसा म्हणून कायम पेटीवर टेकवलेला असायचा. वेणी घालताना तिला खाली वाकून बसावं लागायचं.

एक दिवस ती म्हणाली, "मले मोठं घर नको. एक भिंत पाहिजे, जिच्यात म्या खिळा ठोकला तं कोनी बोलनार नाही."

मी म्हटलं, "चार भिंती देतो ना वं."

प्रताप नगर म्हणतात तिथं तेव्हा तुरीची वावरं होती. त्यातले तुकडे पडत होते. एक तुकडा मी घेतला आणि त्याच्या लगतचा माझ्या साळ्यानं. म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सरकारी ऑफिसात बाबू. त्याचा दिवस पंख्याखाली जायचा, पण बोलायचा असं की पंखा यानंच शोधून काढला आहे. त्यानं नवीन विटा आणल्या, सिमेंट आणलं, ऑफिसातल्या ओळखीच्या इंजिनिअरकडून निळ्या कागदावर नकाशा काढून आणला आणि तो गुंडाळी करून काखेत घेऊन फिरू लागला, नवरदेवाच्या कट्यारीसारखा.

माझ्या विटा बैलबंडीतून येताना पाहून तो कुंपणाशी आला.

"भाऊजी, भंगाराचं घर बांधून राहिले का गा?"

"भंगार तुया ऑफिसात हाये. खुर्चीवर बसलं हाये."

"मजाक नका करू. आमच्या इंजिनिअरनं सांगतलं, जुन्या विटेत दम नसते म्हणते."

"तुया इंजिनिअरले म्हणा, वीट म्हणजे बाबू नव्हे. जुनी झाली म्हणून रिटायर नाही होत."

तो हसला, पण तोंडातल्या तोंडात. मग मी जे बोललो ते बोलायची गरज नव्हती. मी म्हटलं, "या घरात एक बी नवीन वीट लावली तं मी तुया ऑफिसात चपराशी म्हणून येईन. तुयी चहाची कपबशी धुईन."

बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "घर मायं हाये, आन शर्त तुमच्या दोघायची?"

आम्ही दोघांनीही ऐकलं नाही.

घर उठू लागलं. समोरची चौकट एका जुन्या दवाखान्याची, इतकी जड की चार माणसं लागली. खिडक्यांचे गज शाळेचे. कवेलू एका जिनिंगच्या गोदामावरचे, तीस पावसाळे खाल्लेले, एकही न गळणारे. प्रत्येक वस्तू मी स्वतः उतरवलेली. साळ्याच्या घरी वस्तू दुकानातून यायच्या, माझ्या घरी ओळखीतून. मागच्या आणि बाजूच्या भिंती झाल्या. स्वयंपाकाची झाली. समोरची राहिली, रस्त्याकडची, साळ्याच्या ओट्यावरून दिसणारी, आणि नेमक्या तेव्हाच विटा संपल्या.

त्याच महिन्यात धरमपेठेतल्या एका बंगल्यामागचा तबेला पाडायला मिळाला. कधीकाळी तिथं बग्गीचे घोडे असत, नंतर बरीच वर्षं गाई होत्या. मालकाला आता तिथं मोटार ठेवायची होती. मोटार शेण टाकत नाही, एवढाच त्याचा विचार. पण विटा! असल्या विटा मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या आणि नंतरही नाही. लांबरुंद, लाल, दोन एकमेकींवर आपटल्या तर देवळातल्या घंटेसारख्या वाजायच्या.

विटेची परीक्षा तीन प्रकारे करतात. वाजवून, नखानं ओरखडून आणि चाटून. तिसरी ऐकून लोक तोंड वाकडं करतात, ते शिकलेले लोक. ज्या विटेत खार शिरला तिला लोणा लागतो. अशी वीट भिंतीत गेली की मिठाची पांढरी भुकटी बाहेर टाकत राहते आणि प्लास्टर धरू देत नाही. हे डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळतं. ज्या म्हाताऱ्या उस्तादानं मला हा धंदा शिकवला तो हिंदीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, की वीट चाखायची ती सकाळी, बाशी तोंडानं, चहाच्याही आधी. सुरुवातीला मी तसंच करायचो.

मग खर्रा आला. नागपुरात कोणाला खर्रा काय ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घासघास घासून तोंडात ठेवतात. माझ्या तोंडात तो सकाळपासून असायचा. वीट चाखायची असली की मी थुंकायचो, चूळ भरायचो आणि मग जीभ लावायचो. एवढं पुरेसं आहे असं मी ठरवलं होतं. मी ठरवलं म्हणजे ठरलं.

तबेल्याची वीट वाजली. नखानं ओरखडा उठला नाही. चूळ भरून जीभ लावली. काही लागलं नाही. मी गड्यांना म्हटलं, "भरा बंडीत."

बायको खाली बसून चुना झाडत होती. तिनं हातातली वीट तोंडाजवळ नेली, जिभेचं टोक लावलं आणि थांबली. मग थप्पीतली दुसरी घेतली.

"आयकलं का? हे खारट लागते."

"तुयं तोंड खारट हाये."

"दुसरी बी पाह्यली. थे बी खारट."

"घामाचा हात लागला असन."

"पदरानं पुसून पाह्यली म्या."

गडी हातोड्या थांबवून ऐकत होते. बायको नवऱ्याला त्याच्या धंद्यातली गोष्ट सांगते आणि चार माणसं ऐकतात, हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "भाजीत मीठ किती टाकाव हे तुले आजवर समजलं नाही, आन मले विटा शिकवून राहिली?"

गडी हसले. मीही हसलो. बायकोनं वीट थप्पीवर ठेवली, पुढची हातात घेतली आणि ठोकू लागली. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाली, "बरं झालं, चुलीची भिंत आधीच झाली."

समोरची भिंत उभी राहिली. चुन्याचा गिलावा, वर पिवळ्या मातीचा रंग. सांगायला नको, पण सांगतो, रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. वास्तूच्या दिवशी बायकोनं त्याच भिंतीत खिळा ठोकला. मी ठोकतो म्हटलं, तर मला हात लावू दिला नाही. आरसा टांगला. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं उभ्यानं वेणी घातली. पाहुणे जेवत होते आणि ती घटकेघटकेला आत जाऊन आरशात पाहून येत होती. साळा पंगतीत बसून भिंतीकडे पाहत होता, खोट काढायला. त्याला सापडली नाही. त्याच्या स्वतःच्या घराची स्लॅब तेव्हा पाण्यात भिजवून ठेवली होती आणि त्यावर बेडकं ओरडत होती.

पावसाळा गेला. दिवाळी झाली. हवा कोरडी पडू लागली आणि एका सकाळी पाहतो तर पिवळ्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर, पांढरी लव उगवलेली. बोटानं पुसली तर मैद्यासारखी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग गिलावा पापडासारखा फुगला. मग त्याचे पोपडे पडू लागले. एका दुपारी खिळा गंजून खाली आला आणि त्याच्याबरोबर आरसा. आवाज ऐकून मी आत गेलो तेव्हा बायको काचा गोळा करत होती.

साळ्यानं कुंपणावरून विचारलं, "भाऊजी, भिंत म्हातारी झाली का गा? केस पिकले तिचे."

मी सगळ्यांना दोष दिला. मिस्त्रीनं चुना नीट कुजवला नाही. रेती नदीची नव्हती. रंगवाल्यानं रंगात काही मिसळलं. मिस्त्रीला बोलावून इतकं बोललो की तो परत आला नाही. मग दुसऱ्या मिस्त्रीकडून सगळा गिलावा खरवडून त्यावर सिमेंटचं प्लास्टर मारून घेतलं. होय, सिमेंटचं. सिमेंट म्हणजे नवीन वीट नव्हे, शर्त विटेची होती. पुढच्या हिवाळ्यात ते सिमेंटही फुगलं, आणि चुन्यापेक्षा मोठ्या पोपड्यांनी पडलं.

या सगळ्या काळात बायको एक शब्द बोलली नाही. सकाळी उठायची, भिंतीखाली पडलेली भुकटी झाडूनं गोळा करायची, सुपात घ्यायची आणि बाहेर टाकून यायची. रोज. फुटक्या आरशाचा एक तुकडा तिनं पुन्हा पेटीवर टेकवला होता. मी माणसाचं बोलणं ऐकून घेत नाही, तर न बोलणं कुठून ऐकणार. पण सुपाचा आवाज कानावर यायचाच.

मग तो रविवार आला. साळ्याकडे ऑफिसातले तीन-चार बाबू आले होते. सगळे ओट्यावर खुर्च्या टाकून चहा पीत बसलेले. मीही माझ्या दाराशी बसलो होतो, खर्रा घासत. वावरातून बकऱ्यांचा कळप परत येत होता, मागे एक म्हातारी काठी घेऊन. एक बकरी कळपातून फुटली, सरळ माझ्या भिंतीशी आली आणि भिंत चाटू लागली. मी "हट्" म्हटलं. ती हलली नाही. दुसरी आली. तिसरी आली. पाहता पाहता आठ-दहा बकऱ्या रांगेत उभ्या, शेपट्या हलवत, माझ्या घराची दर्शनी भिंत चाटतायत, आणि तीही अशी प्रेमानं की पोटच्या करडाला चाटत नसतील.

म्हातारीनं घरातल्या माझ्या बायकोला ओरडून विचारलं, "वं बाई, भिंतीत मीठ भरलं का तुमी?"

ओट्यावरचे बाबू हसू लागले. एकाच्या नाकातून चहा आला. साळा उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "भाऊजी, बकरीले समजलं, तुमाले नाही समजलं!"

मला त्या बाबूंचं काही वाटलं नाही. जे दिवसभर एका कागदावरून दुसऱ्या कागदावर तेच लिहितात त्यांच्या हसण्याला मी कधी किंमत दिली नाही. मी उठून आत गेलो. बायको पीठ मळत होती. तिनं वर पाहिलं.

"बकरीच्या तोंडात तं खर्रा नाही ना?" ती म्हणाली.

बस, एवढंच. आणि पुन्हा पीठ मळू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेतला नाही, खर्रा घेतला नाही. उस्तादानं सांगितलं होतं तसं, बाशी तोंडानं भिंतीशी गेलो आणि जिथं बकऱ्यांनी चाटून वीट उघडी केली होती तिथं जीभ लावली. काही लागलं नाही. हातावर मीठ घेऊन चाटलं. ते लागलं, पण दुरून कोणी हाक मारावी तसं. पुन्हा वीट चाटली. काही नाही. माझी जीभ किती वर्षांपूर्वी मेली होती कोण जाणे, आणि मी तिच्या भरवशावर हुकूम देत फिरत होतो.

मी सब्बल घेतली.

दुसऱ्याची घरं पाडताना हात कधी थांबत नव्हता. स्वतःच्या भिंतीवर पहिला घाव घालायला मला बराच वेळ लागला, हे कबूल करतो. पण एकदा घातला, मग नियमानं पाडली. आधी वरचे कवेलू काढून ठेवले, छताला लाकडी बल्ल्यांचा टेका दिला, चौकट सैल करून बाजूला घेतली, मग विटा. संध्याकाळपर्यंत भिंत नव्हती. घर समोरून उघडं, तोंड वासल्यासारखं.

साळा ऑफिसातून आला आणि सायकल धरून उभा राहिला. आज त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. त्यामुळे मला जास्त राग आला.

"भाऊजी, मायाकडं नवीन विटा उरल्या हायेत. कंपाउंडच्या. एवढ्या भिंतीले पुरतीन. लावून घ्या."

"आन शर्त?"

"शर्तीचं कोन पाहून राहिलं गा? वरून प्लास्टर होते. आत काय हाये कोनाले दिसते?"

तो मनापासून बोलत होता, हे मला कळत होतं. पण ऐका, काय बोलला तो. वरून प्लास्टर होते, आत काय आहे कोणाला दिसते. या लोकांची सगळी विद्या या एका वाक्यात आहे. घरं तशीच बांधतात, ऑफिसं तशीच चालवतात. मी तोंड उघडणार, इतक्यात बायको उघड्या घरातून पुढं आली. भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नवीन लावा नायतं जुनी लावा," ती म्हणाली. "मले भिंत पाहिजे. पन वीट आता मी पाहीन."

"तू?" मी म्हटलं.

"नायतं खर्रा सोडा."

साळा सायकलच्या घंटीशी चाळा करत होता. खर्रा सोडणं मला जमण्यासारखं नव्हतं, आणि सोडला असता तरी मेलेली जीभ उठून बसणार नव्हती. नवीन वीट लावणंही जमण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "जुनी लावू. तू पाह्य."

"मंग तट्टा बांधा तवापर्यंत. थंडी लागते."

तो हिवाळा आम्ही बांबूच्या तट्ट्याआड काढला. तट्ट्याला पोत्याच्या बोऱ्या शिवल्या तरी वावरावरून येणारा वारा आत शिरायचाच. बायकोला खोकला झाला, महिनाभर राहिला. ती शर्तीबद्दल एकदाही बोलली नाही. साळ्याच्या नवीन विटा कुंपणापलीकडे रचून ठेवलेल्या होत्या आणि मला रोज सकाळी दिसायच्या. तबेल्याच्या विटा मी एका शेतकऱ्याला गोठ्यासाठी देऊन टाकल्या, जनावरांच्या मुताचा खार शिरला आहे हे सांगून. गाईंनी त्या आनंदानं चाटल्या असतील.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक जुनी शाळा पाडायला मिळाली. बायको माझ्याआधी तिथं गेली, बाशी तोंडानं. मी खर्रा तोंडात धरून बाजूला उभा. ती भिंतीभिंतीशी जाऊन वीट काढायला सांगायची, पदरानं पुसायची आणि जीभ लावायची. गडी एकमेकांकडे पाहत होते. एक म्हणाला, "मालक, आता धंदा वहिनीचा का गा?" मी म्हटलं, "धंदा तिचा, शिव्या माया. काम कर." तिथं देखरेखीला आलेला इंजिनिअर, पांढरी पँट घातलेला, त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ही बाई विटा खाते का?"

"खाते," मी म्हटलं. "तुमच्या हातचं बांधलेलं असतं तं थुकली असती."

पाण्याच्या टाकीशेजारची आख्खी थप्पी तिनं नाकारली. दिसायला ती सगळ्यात चांगली होती. माझी जीभ वळवळली, बोलायला. मी खर्रा दुसऱ्या गालात घेतला. मधल्या वर्गखोल्यांच्या विटा तिनं घेतल्या, एका बाजूनं फळ्याच्या काळ्या रंगाच्या. पावसाळ्याआधी भिंत उभी राहिली, चुन्यात. तोच पिवळा रंग दिला.

पण बायकोनं खिळा ठोकला नाही. मी नवीन आरसा आणला. तिनं तो कापडात गुंडाळून पेटीत ठेवला. "पाहू," म्हणाली. पावसाळा गेला, पाहू. दिवाळी गेली, पाहू. हवा कोरडी पडली. मी रोज सकाळी उठून हातभर उंचीपर्यंत भिंत तपासायचो, तिच्या आधी उठून, तिला दिसू नये म्हणून. पांढरं काही दिसलं नाही. सुपाचा आवाज बंद झाला होता.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी साळा कुंपणाशी आला. त्याच्या हातात पाण्याचं भांडं होतं, कारण त्याच्या स्वयंपाकघराचा नळ बंद होता. वर त्याच्या स्लॅबखाली ओलही आली होती. ती मी पाहिली होती, बोललो नव्हतो. योग्य वेळेसाठी ठेवली होती. बकऱ्यावाली म्हातारी रस्त्यानं जात होती. मी तिला म्हटलं, "म्हातारे, तुयी थे शहाणी बकरी आन इकडं." तिनं बकरी कान धरून आणली. बकरीनं भिंत हुंगली, एकदा इकडं, एकदा तिकडं. मग तोंड फिरवलं, साळ्याच्या फाटकातून आत गेली आणि त्याची मेंदी खाऊ लागली.

"ओ भाऊजी! हाकला ना गा तिले!"

"तिले नकाशा पाहाचा असन," मी म्हटलं.

या गडबडीत बायको घरातून बाहेर आली. भिंतीशी गेली, पदरानं एक जागा पुसली आणि सगळ्यांदेखत जिभेचं टोक लावलं. साळा मेंदी सोडून पाहू लागला. म्हातारीही पाहू लागली. 

"अळनी हाये," ती म्हणाली.

जन्मभर तिच्या भाजीला मी हा शब्द वापरला होता, नाक मुरडून. 

ती आत गेली. मी मागे गेलो. तिनं पेटीतून आरसा काढला, डब्यातून खिळा काढला आणि हात पुढं केला. मी हातोडी दिली. तिनं दोन घाव घातले आणि खिळा आत गेला, वाकडा न होता, आवाज न करता. आरसा टांगून ती उभ्यानं वेणी सोडू लागली.

साळा दाराशी येऊन उभा होता. चुन्याच्या भिंतीत खिळा असा जातो. त्याच्या सिमेंटमध्ये त्याच्या बायकोनं ठोकलेला प्रत्येक खिळा वाकून पडायचा, आणि तिची कॅलेंडरं अजून खिडकीच्या गजाला बांधलेली होती. हे मी त्याला तिथंच सांगितलं. मग ओलीचंही सांगितलं.